अपक्ष

गडचिरोली,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिया,

तू म्हणशील, दीदीले आता म्हातारपणी पत्र लिहायचं खूळ कुठून लागलं. सांगतो. माझा फोन दिवसभर पक्षाच्या कार्यालयात असते. तिथले लोक त्यावरून माझे फोटो टाकतात, व्हिडिओ टाकतात, अन् आलेले मेसेजही माझ्याआधी तेच वाचतात. तुमच्या गावाले तर तसाही टॉवर नाई. आलापल्लीच्या पोस्टातून पत्र तुझ्या रोपवाटिकेत पोचते, मग काऊन नाई लिहायचं?

बातमी आहे. जनमार्ग पक्षानं मले जिल्ह्याच्या तृतीयपंथी आघाडीची अध्यक्ष केली. श्रीहरीभाऊ आमचे जिल्हाप्रमुख, त्यांनी भर सभेत माझ्या गळ्यात हार टाकला अन् म्हणले, "या आमच्या दिव्यानीताई." ताई! प्रिया, सख्ख्या भावानं मले आजपर्यंत नावानं हाक मारली नाई. आला तर दारातून खाकरते.

नगरपरिषदेची निवडणूक येऊन राह्यली. आमचा वॉर्ड बाईमाणसासाठी राखीव होणार असं ऐकून आहे. भाऊ म्हणतात, तुमच्या कार्डावर स्त्री लिहून आहे, तुम्ही उभ्या राहा, कोण अडवते पाहू. ते कार्डही त्यांच्याच शिबिरात झालं. अन् तुले आठवते, मागच्या वर्षी पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी त्या खाजगी दवाखान्यात मले कोणत्या वॉर्डात टाकायचं म्हणून बाहेर बाकावर झोपवली होती? भाऊ स्वतः येऊन माझ्याजवळ बसले. खाट मिळेपर्यंत हलले नाईत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाई.

साधनाले सांग, तिच्यासारखं काज करणारी पोरगी माझ्या या शिलाईच्या दुकानात पुन्हा आली नाई. तू कॉलेजवाली, शेजारच्या खोलीतली, अन् ती चामोर्शीहून शिवण शिकाले येणारी. तुमचं काय चाललं आहे ते तुमच्याआधी मले समजलं होतं. आता तुम्ही दोघी तिकडे जंगलात संसार करून राह्यल्या अन् मी इथी मशीनसंग बोलतो. सभेत भल्ली गर्दी असते. पण घरी आल्यावर कुलूप मलेच उघडावं लागते.

दोघी या एकदा.

तुझी दीदी
दिव्यानी

*

आलापल्ली,
२ सप्टेंबर २०२५

दीदी,

पत्र पोचलं. साधनानं मोठ्यानं वाचलं, बाबानं ऐकलं. "ताई" म्हणले तिथे तिनं दोनदा वाचलं.

आम्ही बरे आहोत. यंदा सागाच्या रोपांना पाणी जास्त झालं, मुळं कुजली, म्हणून पुन्हा पिशव्या भरून राह्यलो. साधना गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते. बाबा तुला माहीत आहे, कमी बोलणारा. पहिल्या वर्षी गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याला विचारलं होतं, बिरजू, ही चामोर्शीची पोरगी तुझ्या घरी कोण म्हणून राहते? बाबा म्हणाला, "घरची म्हणून." पुढे कोणी विचारलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साधनाचा भाऊ आला होता, निकेश. आजवर कधी आला नव्हता. पक्षाचं उपरणं गळ्यात होतं, तुझ्याच पक्षाचं. तालुक्याचा सरचिटणीस झाला म्हणे. जेवला. घर फिरून पाहिलं. आतल्या खोलीत एकच पलंग आहे, तिथे जरा जास्त वेळ उभा राहिला. जाताना साधनाला एवढंच म्हणाला, "माय तुझी आठवण करते." ती रात्रभर कुशी बदलत होती.

दीदी, राग मानू नको. त्यानं तुमचा जाहीरनामा दिला, तो मी वाचला. तुमच्यावर एक अख्खं पान आहे: मंडळ, घरकुल, दवाखान्यात वेगळी खाट. छान आहे. आमच्यावर ओळ नाही. साधना म्हणाली, बरं झालं, लिहिली असती तर काय लिहिली असती कोण जाणे. दोन वर्षांआधी दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं आमच्यासारख्यांच्या लग्नाचं संसदेवर सोडलं, तेव्हा तुमचे प्रदेशाध्यक्ष टीव्हीवर म्हणाले होते, हे आपल्या मातीतलं नाही. मी ही माती रोज पिशवीत भरते. मला तर काही वेगळं दिसलं नाही.

तू आता मोठी झाली आहेस. श्रीहरीभाऊंना एकदा विचार ना. सहज. आमची नावं घेऊ नको.

प्रिया

*

गडचिरोली,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिया,

राग कशाचा, बाई. तू माझी लहान बहीण.

भाऊंसंग बोलली मी. कार्यालयात गर्दी कमी होती तेव्हा. ते म्हणले, दिव्यानीताई, एकेक पायरी चढू. आधी तुमचं, मग बाकीच्यांचं. वेळ यायची आहे. चांगलं बोलले. मनानं माणूस वाईट नाई.

तवर तुम्ही शांत राहा. निकेशचं मनावर घेऊ नका. तो इथी माझे बॅनर बांधून राह्यला, मले वाकून नमस्कार करते. मले करते तर तुम्हाले काय करणार आहे? बॅनरवर माझा फोटो हा एवढा मोठा आहे, खाली लिहिलं, "सर्वांना सन्मान". काल वाऱ्यानं अर्धा फाटला, तर त्यानंच शिडीवर चढून शिवला.

तिकीट पक्कं आहे म्हणतात. निवडून आली की पहिली तुमच्याकडे येतो, गाडी घेऊन. हारतुरे नको, बाबाच्या हातची मोहाची भाकर पाहिजे.

दिव्यानी

*

आलापल्ली,
३० ऑक्टोबर २०२५

दीदी,

साधना घरी नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी निकेश जीप घेऊन आला. पक्षाचा झेंडा लावलेली. म्हणाला, माय बिमार आहे, पाणीही पोटात राहत नाही. साधनानं पिशवीत दोन साड्या टाकल्या. मी म्हटलं, मी येतो संग. निकेश म्हणाला, सणावाराचं घर आहे, पाहुणे आहेत, तुम्ही कशाला. ती म्हणाली, भाऊबीज करून येतो. जीप वळेपर्यंत ती मागे पाहत होती.

भाऊबीज गेली. आलापल्लीतून फोन लावला, बंद. मी चामोर्शीला गेली. तिची माय गुणाबाई अंगणात धान वाळवत होती, चांगली उभी, धडधाकट. मला पाहून तिच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाली, "साधना इथी नाई." मी म्हटलं, मग कुठी आहे? ती पुन्हा धान पसरू लागली. आतून निकेश आला. हात जोडून म्हणाला, "बाई, आमच्या घरचं आम्ही पाहू. तुम्ही तुमच्या जंगलात खुशाल राहा." ओरडला असता तर मीही ओरडली असती.

ठाण्यापर्यंत गेली. बाहेर बाकावर एक माणूस हरवलेल्या बायकोची तक्रार सांगत होता, अन् हवालदार विचारत होता, नाव काय, वय काय, तुमचं तिचं नातं काय. मी तिथूनच परत फिरली. दीदी, मी काय सांगितलं असतं? मैत्रीण म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, मग घरच्यांना काळजी करू द्या. दुसरं सांगितलं असतं तर हसले असते. सात वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो, अन् तिच्यासाठी रडायचा हक्क सांगायला माझ्याजवळ शब्द नाही.

बाबा रोज संध्याकाळी तिच्या ताटात वाढतो. मग तेच ताट स्वतः खातो.

निकेश तुझ्या पक्षाचा आहे. तुला वाकून नमस्कार करतो. त्याला एक शब्द बोल. श्रीहरीभाऊंना बोल. बॅनरवर "सर्वांना" लिहिलं आहे ना.

प्रिया

*

गडचिरोली,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिया,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं अन् चामोर्शीले गेली. प्रचाराचं निमित्त सांगितलं. निकेशनं मले खुर्ची दिली, चहा दिला. साधना घरातच आहे. ती बाहेर पाणी द्याले आली. बारीक झाली. मी निकेशले मुद्दाम दुसरीकडे पाठवला, पान आण म्हटलं. तेवढ्यात ती म्हणली, "दीदी, फोन काढून घेतला. मूल गावाकडचं स्थळ आहे. बायको वारलेला आहे. प्रियाले सांगू नका, ती इथी येईल अन् हे तिले मारतील." मी सांगून राह्यली, कारण न सांगून मी तुले एकदा फसवलं आहे.

सप्टेंबरात श्रीहरीभाऊ मले जे बोलले ते मी तुले गोड करून लिहिलं होतं. ते असं म्हणले होते: "तुमचं वेगळं आहे, ताई. तुम्हाले देवानं असं घडवलं. पुराणातही आहे. पण त्या दोघी बाया एकत्र राहणं हे शहरातलं फॅड आहे, ते आपल्या पक्षात चालणार नाई." मी खाली मान घालून ऐकलं. हार गळ्यात होता.

चामोर्शीहून आल्यावर मी पुन्हा त्यांच्यापाशी गेली. साधनाचं नाव घेतलं. त्यांनी बाजूच्याले फाइल काढाले सांगितली. मग म्हणले, "निकेश कामाचा माणूस आहे. त्याच्या घरात मी पडत नाई. अन् ताई, रविवारी आपला कुटुंब मेळावा आहे. तुम्ही दोन शब्द बोला, की आम्ही जन्मानं असे आहोत, पण हे नवीन जे निघालं त्याले आमचाही विरोध आहे. तुम्ही बोलल्या तर लोकांले पटते." बाजूच्यानं टाइप केलेला कागद पुढे केला. त्याच्याखाली माझ्या तिकिटाचा एबी फॉर्म होता. दोन्ही एकाच फायलीत.

प्रिया, वाईट हे आहे की या माणसानं माझ्यासाठी जे केलं ते खोटं नाई. कार्ड खोटं नाई. खाट खोटी नाई. दुसऱ्या कोणत्या पक्षानं मले दारातही उभं केलं नव्हतं. मी चाळीस वर्षांची होऊन राह्यली. आता कुठी रस्त्यानं जाताना बाया म्हणतात, ताई, आमच्या नालीचं पहा ना.

कागद उशीखाली आहे. मले समजत नाई.

दिव्यानी

*

आलापल्ली,
१३ नोव्हेंबर २०२५

दिव्यानीताई,

पेपर पाहिला. रोपवाटिकेत साहेबाच्या टेबलवर होता. कुटुंब मेळाव्याचा फोटो आहे. तुम्ही मधात, श्रीहरीभाऊ उजवीकडे, निकेश मागे. तुमच्या हातात माईक आहे अन् सगळे टाळ्या वाजवत आहेत. बातमीत लिहिलं आहे, तृतीयपंथी आघाडीच्या अध्यक्षांनीही पक्षाच्या भूमिकेला पाठिंबा दिला.

तुमचं चुकलं म्हणत नाही. तुम्हाला उभं राहायला एवढीशीच जागा मिळाली. त्यावर आम्हाला कुठे घेणार?

उत्तर पाठवू नका.

प्रिया बिरजू

*

गडचिरोली,
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिया,

हे पत्र पोस्टात टाकत नाई. जिच्या हातून पाठवून राह्यली, ती आत्ता माझ्यासमोर स्टुलावर बसून पोहे खाऊन राह्यली आहे. शटर अर्धं खाली आहे. आलापल्लीच्या गाडीले अजून वेळ आहे, तवर मी लिहून घेतो. साधना म्हणते, मी तोंडानं सांगीन. पण हे माझ्या हातानंच लिहिलं पाहिजे.

पेपरमधला तो फोटो मी बोलाच्या आधीचा आहे. मले बोलवलं तेव्हा टाळ्या वाजल्या, फोटोत त्याच आहेत. बातमी बहुतेक आधीच लिहून ठेवली असेल.

कागद माझ्या हातात होता. पहिल्या दोन ओळी वाचल्याही. मग मले समोर बाया दिसल्या. गाड्या भरभरून आणल्या होत्या. पहिल्या रांगेत गुणाबाई होती. निकेशनं आपल्या मायले मानानं पुढं बसवलं होतं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पदराचा काठ पाहत होती. मी कागदाची घडी घातली.

मी म्हटलं, "बायांनो, या पक्षानं मले बाई म्हटलं. माझ्या भावानं म्हटलं नाई, यांनी म्हटलं. त्याचे उपकार आहेत. पण मले देवानं घडवलं अन् तुमच्या एखाद्या पोरीले फॅशननं घडवलं, असं मी म्हणणार नाई. मले लहानपणी माझ्या बापानं खोलीत कोंडून ठेवलं होतं, सुधरन म्हणून. मी सुधरली नाई. नुसती त्याची पोर राह्यली नाई. तुमच्या घरात कोणी कोंडून असेल तर..."

इथी माईक बंद झाला. मी तरी बोलत राह्यली. म्हटलं, दार उघडा, नाईतर पोर जाईन ते जाईन, मायही जाईन. मागच्यांले ऐकू गेलं नाई. कोणीतरी गाणं लावलं. श्रीहरीभाऊंनी माझा दंड धरून खाली उतरवलं, हळूच, जसं म्हातारीले धरतात. पायरीवर म्हणले, "काय केलं हे, ताई." आवाजात राग नव्हता. त्यांचंही काही तुटलं असावं. फॉर्म त्याच दिवशी दुसऱ्या बाईले गेला. दुसऱ्या दिवशी फोन परत मिळाला. पहिल्यांदा माझा फोन माझ्या हातात, अन् त्यावर एकही फोन नाई.

मी अपक्ष अर्ज भरला. चिन्ह शिलाई मशीन मिळालं. लोक हसले, मीही हसली. संग फिराले कोणी नाई. एकटी घरोघरी जातो, अन् दार उघडलं की बाया माझ्यामागे पाहतात, बाकीचे कुठी आहेत म्हणून.

तुझं पत्र आलं तेव्हा मी उत्तर लिहिलं नाई. तू नको म्हटलं होतं. अन् साधना तिकडे असताना मी काय लिहू, की मी एक भाषण केलं?

आज सकाळी दुकानासमोर ऑटो थांबला. गुणाबाई उतरली, मागून साधना. गुणाबाईच्या हातात ब्लाउजचं कापड होतं, लाल. म्हणली, "लग्नाचं आहे. हिचं माप घ्या. निकेशले सांगून आली, गडचिरोलीच्याच हातचं पाहिजे."

मी टेप काढला. साधना पुतळ्यासारखी उभी.

गुणाबाई दारात गेली, तिथूनच म्हणली, "नीट माप घ्या. मी बाजार करून येतो. मले वेळ लागन." मग पाठमोरीच विचारलं, "आलापल्लीची गाडी केव्हा आहे?"

मी म्हटलं, "तासाभरात."

"मग मी स्टँडकडून नाई जात."

साधना "माय" म्हणून पुढं झाली. गुणाबाईनं वळून पाहिलं नाई. एवढंच म्हणली, "त्या दिवशी माईक बंद केला त्यांनी. पण मी पहिल्या रांगेत होती. मले ऐकू आलं."

गेली. पायात चप्पल उलटसुलट घातली होती, तशीच गेली. घरी तिचं काय होईन, देव जाणे.

प्रिया, आता शहाणपणानं ऐक. निकेश आज संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात येईन. साधना पोचली की थांबू नका. तुमच्या गावाचं तुमच्याबद्दल काही म्हणणं नसेल, पण त्याच्या जीपले कोण अडवन? बिरजूभाऊले विचारा, सिरोंच्याकडे त्यांचं कोण आहे. नदीपलीकडे दुसऱ्या राज्यात गेल्या तर बरं. कुठी गेल्या ते मले सांगू नका. मले विचाराले येतील, अन् मले खोटं बोलता येत नाई असं नाई, पण मार खाल्ल्यावर माणसाचा भरोसा नाई.

पोहे संपले. तिनं वाटी धुऊनही ठेवली. जुनीच सवय.

तुझी,
ताई नको म्हणू. दीदी

*

(गाव लिहीत नाही)
१० फेब्रुवारी २०२६

दीदी,

हे पत्र आम्ही राहतो तिथून टाकलेलं नाही. एक ट्रकवाला वरोऱ्याकडे चालला होता, त्याच्याजवळ दिलं. शिक्का पाहून आम्हाला शोधू नको.

त्या दिवशी गाडी लेट झाली. मी रोपवाटिकेच्या फाटकाशी पिशव्या मोजत होती. ती समोर येऊन उभी राहिली, तर मला आधी ओळखू आली नाही. तिनं तुझं पत्र पुढे केलं. मी तिथेच, मातीच्या हातानं वाचलं. तुला "ताई" अन् "तुम्ही" लिहिलं होतं, ते आठवून अंगावर पाणी पडल्यासारखं झालं. बाबानं अर्ध्या तासात आम्हाला शेजारच्या पोराच्या मोटरसायकलवर बसवून दिलं. स्वतः मागे राहिला. म्हणाला, घर उघडं टाकून कसं येऊ. निकेश आला होता. बाबानं त्याला पाणी दिलं. त्यानं पलंग बाहेर काढून फोडला अन् गेला. बाबानं त्या लाकडाचं काय केलं, ते सांगितलं नाही.

इथे आम्ही एका मिरचीच्या गोदामात काम करतो. संध्याकाळी डोळे जळतात. साधनाला एका टेलरकडे थोडं काम मिळतं. भाषा येत नाही, म्हणून दिवसभर गप्प असतो, अन् घरी आल्यावरही बोलायचं सुचत नाही कधी कधी. ती मायसाठी रडते. मी बाबासाठी. एकमेकींना दाखवत नाही. पण दार आतून लावलेलं असतं, अन् कडी आमच्या हातात असते.

बाबानं आलापल्लीला जाऊन शेजारच्याच्या फोनवरून सांगितलं, की तू पडलीस. डिपॉझिटही गेलं. तुझा वॉर्ड पक्षानंच घेतला. अन् संक्रांतीला त्यांनी पुन्हा तृतीयपंथीयांचा मेळावा घेतला म्हणे, स्टेजवर दुसरी कोणी होती, तिच्याही गळ्यात हार. तू मागे खुर्चीवर बसून होतीस का, की गेलीच नाहीस, ते बाबाला माहीत नव्हतं. मला सारखं वाटतं, तू गेली असशील. त्या पोरीला खाट लागली तर कोणाला विचारायचं, हे सांगायला.

घरमालकीण म्हातारी आहे. तेलुगू बोलते, थोडी हिंदी. खोली देताना विचारलं, बहिणी का? आम्ही हो म्हटलं. मग परवा तिनं विचारलं, तुम्हाला गावाकडे कोणीच नाही का, सणालाही कोणी येत नाही?

साधना तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एक मोठी बहीण आहे. गडचिरोलीला. इलेक्शनला उभी होती."

म्हातारी खूश झाली. पुढे सरकून बसली. म्हणाली, "अच्छा! फिर? जीती क्या?"

मी साधनाकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला, अन् म्हणाली,

"हां. जीत गई."

प्रिया